जुन्या ट्यूनरला हवा हक्काचा अँटेना

दूरदर्शनचे सुरुवातीचे दिवस ज्या घरांनी पाहिले, त्यांना अँटेना म्हणजे काय हे वेगळे सांगावे लागत नाही. रविवारी संध्याकाळी चित्रपट ऐन रंगात यायचा आणि नेमका त्याच वेळी कावळा येऊन गच्चीवरच्या दांड्यांवर बसायचा. पडद्यावर मुंग्या यायच्या, घरातले कोणीतरी जिन्याने वर धावायचे आणि मग सगळ्या इमारतीला ऐकू जाईल असा संवाद सुरू व्हायचा. ‘आलं का?’ ‘नाही, अजून डावीकडे!’ ‘आता?’ ‘अहो, आधीचंच बरं होतं!’ गिरगावातल्या चाळीत जे व्हायचे तेच इंदूर, बडोदे, हैदराबादच्या मराठी घरांतही व्हायचे. पुढे केबल आली, छत्री आली आणि दांड्यांचा तो सांगाडा गच्चीवर गंजत पडला.

ज्यांच्या घरी सत्तर-ऐंशीच्या दशकातला एखादा एफएम ट्यूनर माळ्यावरून पुन्हा खाली उतरला आहे, त्यांना मात्र ही विद्या नव्याने शिकावी लागत आहे. आणि ती न शिकल्यामुळे अनेक उत्तम ट्यूनर हकनाक बदनाम होत आहेत.

ट्यूनर म्हणजे स्पीकर आणि अॅम्प्लिफायर नसलेला रेडिओ. स्टेशन पकडायचे, त्यातून आवाज सोडवून घ्यायचा आणि तो अॅम्प्लिफायरच्या हवाली करायचा, एवढेच त्याचे काम. पण हे एकच काम करायचे असल्यामुळे ते फार नेटके केलेले असे. जपानी कंपन्यांनी त्या काळात बनवलेले ट्यूनर पाहावेत! जाड अॅल्युमिनियमचा दर्शनी भाग, लोण्यासारखी फिरणारी वजनदार कळ, पिवळसर उजेडात हलणारे दोन काटे. आखातात नोकरीला गेलेल्या मामा-काकांनी ते मोठ्या हौसेने आणले. मात्र त्या वेळी आपल्याकडे त्यावर ऐकायचे काय, हाच प्रश्न होता. भारतात पहिले एफएम प्रक्षेपण २३ जुलै १९७७ रोजी मद्रासला सुरू झाले. खासगी निर्मात्यांना आकाशवाणीच्या एफएमवर वेळ मिळू लागला तो १९९३ मध्ये, आणि पहिले खासगी एफएम केंद्र बंगळुरूत सुरू झाले ते ३ जुलै २००१ रोजी. म्हणजे कित्येक ट्यूनरांची उमेदीची वर्षे शोकेसमध्ये मुक्यानेच गेली. आज अनेक शहरांत बरीच केंद्रे ऐकू येतात, तेव्हा हे जुने यंत्र वापरून पाहावे असे वाटणे साहजिकच आहे.

मुंबईच्या चोरबाजारात, पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा दिल्लीच्या लाजपतराय मार्केटात अजूनही असे ट्यूनर मिळतात. हौशी माणूस तो घरी आणतो, पुसतो, अॅम्प्लिफायरला जोडतो, पाठीमागे हातभर वायर खोचतो आणि कळ फिरवतो. येते काय? खरखर. मधूनच गाणे, मधूनच फाटका आवाज. स्टिरिओचा तांबडा दिवा लागतो आणि विझतो. मग ट्यूनर मेकॅनिककडे जातो आणि खरे नुकसान इथे होते. ट्यूनरच्या पोटात लहान लहान कॉइल्स असतात. त्यांचे गाभे कारखान्यात उपकरणे लावून, केसाइतक्या अंतराने फिरवून बसवलेले असतात. योग्य उपकरणे न लावता कोणी स्क्रू ड्रायव्हरने ते अंदाजे फिरवले की मूळ जुळणी गेलीच. ती परत आणणारे जाणकार हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. आणि मूळ दोष असतो तो फक्त त्या हातभर वायरचा! तेव्हा पहिला नियम असा, की धड अँटेना लावून पाहिल्याखेरीज जुना ट्यूनर उघडू देऊ नये.

आधी आकडे वाचा

अँटेनावर खर्च करण्याआधी, शक्य तर ट्यूनर विकत घेण्याआधीच, त्याच्या तबकडीवरचे आकडे नीट वाचावेत. आपल्याकडे एफएमचा पट्टा साधारण ८८ ते १०८ मेगाहर्ट्झ असा आहे. पण खास जपानच्या बाजारपेठेसाठी बनवलेल्या जुन्या ट्यूनरवर तो ७६ ते ९० असतो. तिथे वरच्या बाजूला आपली ९१.१, ९३.५, ९८.३ ही केंद्रे बसतच नाहीत. कितीही उंच अँटेना लावा, उपयोग शून्य. पन्नासच्या दशकातल्या काही जर्मन रेडिओंवर हा पट्टा शंभराच्या आसपास संपतो. त्यामुळे पुण्याची १०१ वरची विविध भारती किंवा मुंबईतले आकाशवाणीचे १०७.१ त्यावर लागणार नाही. सोव्हिएत बनावटीच्या संचांचा पट्टा तर याहून खाली, ६६ ते ७४ च्या दरम्यान.

अमेरिकेसाठी बनवलेल्या ट्यूनरचा पट्टा आपल्यासारखाच आहे, पण त्यातल्या आकडे दाखवणाऱ्या डिजिटल ट्यूनरची एक खोड आहे. त्यांतले बरेचसे १०१.१, १०१.३, १०१.५ अशा विषम पावलांनीच चालतात. पुण्याचे १०१.० किंवा दिल्लीचे १०२.६ त्यांच्या दोन पावलांच्या मध्ये पडते. काटा हाताने फिरवायच्या ट्यूनरला ही अडचण नाही. शिवाय जपानी संच १०० व्होल्टवर आणि अमेरिकन १२० व्होल्टवर चालतो. मागच्या बाजूला व्होल्टेज बदलण्याची सोय नसेल तर स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लावल्याशिवाय प्लग भिंतीत घालू नये. दुकानदाराने ‘चालतो, साहेब’ म्हटले तरीही!

पट्टा चुकला की रेडिओ मुका होतो, हे एफएमचा जनक एडविन आर्मस्ट्राँग याच्याइतके कोणी सोसले नसेल. डिसेंबर १९३३ मध्ये त्याला या शोधाची पेटंट मिळाली. पहिली केंद्रे ४२ ते ५० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालू झाली, लोकांनी रेडिओ विकत घेतले आणि १९४५ मध्ये अमेरिकन सरकारी आयोगाने अख्खे एफएम उचलून ८८ ते १०८ मध्ये नेऊन ठेवले. लोकांच्या घरातले ते संच निरुपयोगी ठरले. पेटंटच्या कज्ज्यांनी खचलेल्या आर्मस्ट्राँगने जानेवारी १९५४ मध्ये आत्महत्या केली. त्याची पत्नी मॅरियन मात्र कोर्टात लढत राहिली आणि १९६७ मध्ये शेवटचा दावाही तिने जिंकला.

दीड मीटरचे गणित

अँटेना किती लांब हवा, याचे उत्तर लहरींच्या लांबीत आहे. एफएमच्या पट्ट्याच्या मध्यावर लहरीची लांबी साधारण तीन मीटर भरते. तिच्या निम्म्या लांबीच्या धातूच्या दांडीत ती सर्वांत सुखाने उतरते. प्रत्यक्षात दांडी किंचित आखूड ठेवावी लागते. १४३ ला मेगाहर्ट्झच्या आकड्याने भागले की लांबी मीटरमध्ये मिळते. ९८ मेगाहर्ट्झसाठी ती १.४६ मीटर, म्हणजे मध्ये फट ठेवून दोन्हीकडे ७३ सेंटिमीटरची एकेक दांडी. यालाच डायपोल म्हणतात. पोर्टेबल रेडिओची लांब करायची दांडी पूर्ण उघडली की कित्येकदा तेवढ्याच लांबीची भरते, तो योगायोग नव्हे.

दुसरी गोष्ट वाटेची. मध्यम लहरी जमिनीला धरून दूरवर जातात. एफएमच्या लहरी मात्र जवळजवळ नजरेसारख्या सरळ जातात. शंभर मीटर उंचीचा मनोरा आणि जमिनीपासून नऊ मीटरवरचा अँटेना यांच्यात सपाट प्रदेशात सुमारे ५४ किलोमीटरपर्यंत ही नजर पोचते. अँटेना पंचवीस मीटरवर नेला तर ६२ किलोमीटर. म्हणजे एवढी उंची वाढवून जेमतेम आठ किलोमीटर मिळाले. मग उंचीचा उपयोग काय? खरा फायदा असा, की अँटेना शेजारच्या इमारतींच्या डोक्यावर जातो. अलिबागच्या किनाऱ्यावर मुंबई छान ऐकू यावी आणि तेवढ्याच अंतरावरच्या, पण डोंगराआड असलेल्या गावात येऊ नये, याचे कारण हेच. वाटेत पाणी असेल तर नजर मोकळी असते.

क्वचित या नियमालाही निसर्ग बगल देतो. पावसाळ्याआधीच्या कडक उन्हाळ्यात अरबी समुद्रावर हवेचे थर असे काही बसतात की त्यांच्यामध्ये लहरी अडकून शेकडो मैल वाहत जातात. दुसऱ्या महायुद्धात मुंबईच्या रडारवर अरबस्तानच्या किनाऱ्याचे प्रतिध्वनी उमटल्याची नोंद आहे. अशा दिवसांत पश्चिम किनाऱ्यावर आखातातले एखादे केंद्र अचानक लागले, तर ट्यूनर बिघडला असे समजू नये.

कोणता घ्यावा?

शहरात, केंद्रापासून दहा-पंधरा किलोमीटरच्या आत राहणाऱ्याने साध्या डायपोलपासूनच सुरुवात करावी. बऱ्याच जणांचे काम तिथेच संपते. पूर्वी ट्यूनरच्या खोक्यात इंग्रजी टी अक्षराच्या आकाराची चपटी वायर मिळत असे, तोही एक डायपोलच. जुन्या टीव्हीची ती चपटी, दोन तारांची पट्टी घरात कुठे गुंडाळून ठेवलेली असेल तर तिचाही असा डायपोल बनवता येतो. सुमारे १.४५ मीटरचा तुकडा घ्यावा. दोन्ही टोकांना आतल्या दोन तारा एकमेकींना जोडून डाग द्यावा. मग मधोमध फक्त एकच तार कापावी आणि त्या दोन सुट्या टोकांना त्याच पट्टीचा दुसरा तुकडा जोडून ट्यूनरपर्यंत न्यावा. ट्यूनरच्या मागे ३०० ओहम लिहिलेले दोन स्क्रू असतात, तिथे तो घट्ट बसवावा.

ही पट्टी स्वस्त आणि चांगली, पण नाजूक मिजाजाची. खिडकीच्या लोखंडी ग्रिलला किंवा पाण्याच्या पाइपला चिकटून गेली की सिग्नल सांडतो. म्हणून गच्चीवरून खाली यायचे असेल तर केबलवाले वापरतात ती आरजी-६ जातीची काळी गोल वायर बरी. ती कशीही, कुठूनही न्या. वीस मीटर लांबीला सव्वा डेसिबलच्या आसपास घट होते, ती कानाला कळतही नाही. ही वायर ७५ ओहमची. ट्यूनरवर तशी जोडणी असेल तर उत्तम. नसेल तर ७५ चे ३०० करणारा अंगठ्याएवढा बालुन लागतो. टीव्हीच्या दुकानात त्याला मॅचिंग ट्रान्सफॉर्मर म्हणत. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, बंगळुरूचा एस. पी. रोड, चेन्नईची रिची स्ट्रीट इथल्या दुकानांत तो शोधावा. दोन दांड्यांना गोल वायर थेट जोडली असेल, तर अँटेनाजवळच त्या वायरचे पाच-सहा वेढे वीतभर रुंदीचे करून बांधून ठेवावेत. नाही तर वायरची बाहेरची जाळीच अँटेना बनते आणि घरातली सगळी खरखर गोळा करून आणते.

शहरापासून चाळीस-पन्नास किलोमीटरवर राहणाऱ्यांना यागी अँटेना लागतो. दूरदर्शनच्या अँटेनासारखाच, एका आडव्या दांडीवर ओळीने बसवलेल्या काड्या. मागची काडी डायपोलहून किंचित लांब, पुढच्या किंचित आखूड. तो समोरचे जास्त ऐकतो आणि पाठीमागचे कमी, हा त्याचा मोठाच गुण. घरातल्या गंजक्या टीव्ही अँटेनाला वायर जोडण्याचा मोह अनेकांना होतो. काम थोडेफार चालते, पण ते दुसऱ्यासाठी शिवलेले कपडे आहेत. टीव्हीचे जुने चॅनेल एफएमच्या पट्ट्याच्या एक तर खाली असत किंवा बरेच वर. त्यामुळे काड्यांची लांबी जुळत नाही. तोच सांगाडा घेऊन एफएमच्या मापाने नव्या काड्या कापणे शहाणपणाचे.

राहता राहिला बूस्टर. दुकानदार तो आग्रहाने देतो. शहरात राहणाऱ्याने तो घेऊच नये. बूस्टर गाण्याबरोबर खरखरही वाढवतो, आणि जवळच्या बलवान केंद्रांमुळे ट्यूनर इतका भांबावतो की एकच स्टेशन तबकडीवर तीन-चार ठिकाणी लागते. आडगावी, लांब वायर असेल आणि बूस्टर थेट अँटेनाच्या खांबावर बसवायचा असेल, तरच त्याचा उपयोग.

काटा आणि कान

आता दिशा. जुन्या ट्यूनरवर बहुधा दोन मीटर असतात. एक सिग्नलची ताकद दाखवतो, दुसऱ्याचा काटा स्टेशन बरोबर लागले की मध्यावर येतो. आधी काटा मध्यावर आणायचा आणि मग ताकद पाहत अँटेना फिरवायचा, ही रीत. आडवा डायपोल आपल्या दोन्ही कुशींकडून सर्वांत जास्त ऐकतो आणि टोकांच्या दिशेने सर्वांत कमी. हल्ली अनेक केंद्रे आडव्या आणि उभ्या अशा दोन्ही प्रकारच्या लहरी सोडतात, त्यामुळे आडव्याने जमले नाही तर उभा करून पाहण्यातही काही बिघडत नाही.

पण शहरात फसगत होते ती इथेच. तिथे ताकदीचा काटा सगळ्याच स्टेशनांना उजव्या टोकाला जाऊन टेकतो आणि तरी आवाज फाटतो. कारण शहरातला खरा शत्रू दुबळा सिग्नल नव्हे, तर प्रतिध्वनी. समोरच्या टॉवरवरून, टेकडीवरून, पत्र्याच्या शेडवरून परतलेली तीच लहर क्षणाच्या अगदी बारीक अंशाने उशिरा पोचते आणि मूळ लहरीत मिसळते. टीव्हीवर यामुळे चेहऱ्याशेजारी त्याची सावली दिसे. एफएमवर ती दिसत नाही, टोचते. अमेरिकेतल्या मॅरँट्झ कंपनीने साठच्या दशकात १०-बी हा ट्यूनर काढला, त्यात हे प्रतिध्वनी डोळ्यांना दिसावेत म्हणून चक्क एक लहानसा ऑसिलोस्कोप बसवला होता!

आपल्याला तेवढी चैन नको, कान पुरतात. बातम्या लावाव्यात आणि निवेदिकेचे ‘स’ आणि ‘श’ ऐकावेत. ते थुंकी उडाल्यासारखे फुटत असतील तर अँटेना थोडा फिरवावा, हातभर सरकवावा. सर्वांत जास्त ताकदीची जागा सोडून सर्वांत स्वच्छ आवाजाची जागा धरावी, मग मीटरचा काटा थोडा खाली आला तरी हरकत नाही. डायपोलचे बहिरे टोक त्रास देणाऱ्या इमारतीकडे वळवले की कधी कधी जादू झाल्यासारखा आवाज निवळतो. घरात लावायचा असेल तर काँक्रीटच्या भिंतीतल्या सळ्या आणि बॉक्स ग्रिलचे लोखंड यांपासून जमेल तेवढे दूर. पडद्यावरच्या लाकडी पेल्मेटमागे पट्टीचा डायपोल सहज लपतो आणि गृहिणीचीही तक्रार राहत नाही. पडद्याचा लोखंडी रॉड मात्र त्याच्याजवळ नको.

स्टिरिओचा हट्टही थोडा आवरावा. त्याच ताकदीच्या सिग्नलवर स्टिरिओत मोनोपेक्षा जवळजवळ वीस डेसिबल अधिक खरखर ऐकू येते. दूरच्या केंद्रावरची जुनी गाणी मोनोचे बटण दाबून ऐकली तर काय बिघडले? त्यातली बहुतेक मुळात मोनोतच ध्वनिमुद्रित झालेली आहेत.

सगळे करूनही एक सलग घरघर उरली, तर संशय घरातल्याच वस्तूंवर घ्यावा. स्वस्त एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, सेट टॉप बॉक्सचा अॅडॉप्टर, राउटर हे सगळे एफएमच्या पट्ट्यात कचरा टाकतात. ट्यूनर चालू ठेवून एकेक वस्तू प्लगमधून काढत जावे, चोर सापडतो. कधी तो शेजाऱ्यांच्या घरात असतो, तो भाग वेगळा!

गच्चीवर चढण्यापूर्वी

सोसायटीची परवानगी आधी घ्यावी. सेक्रेटरींना एकदा खाली बोलावून चांगल्या अँटेनावर पाच मिनिटे गाणे ऐकवले तर परवानगी लवकर मिळते असे म्हणतात.

विजेच्या तारांबाबत मात्र कोणतीही थट्टा नको. खांब कोणत्याही दिशेला आडवा पडला तरी तारेपासून दूर राहील, एवढे अंतर हवेच हवे. तेवढी जागा नसेल तर गच्चीचा नाद सोडून पेल्मेटवर समाधान मानावे. काम दोघांनी करावे, कोरड्या दिवशी, वारा नसताना, आणि कठड्यावर उभे राहून कधीच नाही. खांब लोखंडी असेल तर जाड तांब्याच्या तारेने तो अर्थ करावा, आणि हे काम इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यावे. तरीही एप्रिल-मेमधला वळीव आणि परतीचा पाऊस या दिवसांत आभाळ गडगडू लागण्याआधीच वायर ट्यूनरमधून काढून ठेवावी. थेट वीज पडली तर अर्थिंगही ट्यूनरला वाचवू शकत नाही. गडगडाट सुरू झाल्यावर वायरला हातच लावू नये.

किनाऱ्यावरच्या गावांत खारी हवा सहा महिन्यांत स्क्रू खाते, म्हणून ते स्टेनलेस स्टीलचेच घ्यावेत. जोडावर एम-सील लावून वरून टेप गुंडाळावी. वायर घरात शिरते तिथे बाहेरच्या बाजूला तिला एक झोळ द्यावा, म्हणजे पाणी तिच्यावरून ओघळत आत न येता तिथेच ठिबकून जाते. एकदा वायरच्या आत पाणी शिरले की ती अख्खी बदलावी लागते. दसऱ्याच्या सुमारास, पाऊस ओसरला की वर जाऊन जोड उघडून पाहावेत, हिरवट झालेले टोक कापून नवे काढावे आणि कावळ्यांनी वाकवलेल्या काड्या सरळ करून घ्याव्यात.